गाडीत रेडिओ बसवावा, पण गाडी आधी



गेल्या खेपेस आपण ट्रॅक्टरच्या बॅटरीची निगा कशी राखावी ते पाहिले. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले एक पत्र जरा वेगळे होते. पत्र धाडणाऱ्या बंधूंनी एक जुनी मारुती ८०० घेतली आहे. त्यांचे मेहुणे अमेरिकेत नोकरीला असतात आणि दिवाळीला येताना ते ‘स्कॅनर’ नावाचा रेडिओ घेऊन येणार आहेत. हा रेडिओ म्हणे आपण होऊन लहरी धुंडाळतो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबतो. बंधूंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा रेडिओ आपल्या छोट्या गाडीत बसेल का? बसवायचा कसा? आणि त्यावर काय ऐकू येईल?

प्रश्न एकाने विचारला असला तरी तो अनेकांच्या कामाचा आहे. आता गावोगाव लहान गाड्या आल्या आहेत. गाडी आली की पोरे पहिली मागणी रेडिओची करतात. म्हणून आजचे पान याच विषयाला दिले आहे.

आधी स्कॅनर म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या साध्या रेडिओवर आपण बटण फिरवून एक केंद्र लावतो आणि ते ऐकतो. स्कॅनरच्या पोटात मात्र अनेक आकडे साठवलेले असतात. तो पहिल्या आकड्यावर क्षणभर कान देतो, तिथे सामसूम असेल तर दुसऱ्यावर जातो, मग तिसऱ्यावर. एका सेकंदात तो असे कित्येक आकडे चाळतो. कुठे आवाज सापडला की थांबतो, बोलणे संपले की पुन्हा पुढे चालू लागतो. राखणदार जसा बांधाबांधाने फिरतो आणि खसफस ऐकली की उभा राहतो, तसेच हे. त्याला एक जास्तीचे बटण असते, त्याला ‘स्क्वेल्च’ म्हणतात. रिकाम्या लहरीवर जी खरखर असते ती या बटणाने दाबून टाकायची, म्हणजे खऱ्या आवाजावरच तो थांबतो. १९७० च्या सुमारास असे रेडिओ आले तेव्हा प्रत्येक आकड्यासाठी आत एक वेगळा स्फटिक बसवावा लागे. पुढे ती कटकट गेली आणि एका लहानशा डबीत शेकडो आकडे मावू लागले.

अमेरिकेत खेड्यापाड्यांतून याचा उपयोग काय? तिथे सरकारी हवामान खात्याची स्वतंत्र रेडिओ सेवा आहे. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या सात आकड्यांवर ती रात्रंदिवस हवामान सांगत असते. चक्रीवादळ किंवा गारपीट येणार असेल तर आधी एक कर्कश सूर वाजतो आणि मग इशारा येतो. शिवाय तिथल्या ग्रामीण भागात आग विझवणारे बहुतेक लोक गावकरीच असतात, पगारी नसतात. कुठे आग लागली हे त्यांना अशा रेडिओवर कळते. म्हणजे तिथे हे खेळणे नव्हे, गरजेची वस्तू आहे. तरीही न्यूयॉर्क, फ्लोरिडा, मिनेसोटा अशा काही राज्यांत गाडीत स्कॅनर बाळगण्यावर बंधने आहेत. आणि अनेक शहरांच्या पोलिसांनी आपले बोलणे सांकेतिक करून टाकले आहे, त्यामुळे ते स्कॅनरवर कळतच नाही.

आता आपल्याकडचे पाहू. थोरल्या मंडळींना आठवत असेल, एके काळी घरात रेडिओ ठेवायचा तरी परवाना काढावा लागे. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकिटे लावून घ्यायची. घरगुती रेडिओचा तो परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. पण ती सूट आकाशवाणीसारखे सर्वांसाठीचे कार्यक्रम ऐकणाऱ्या रेडिओला मिळाली. बाकीच्या बिनतारी यंत्रांना १९३३ च्या कायद्यापासून परवान्याची अट आहे आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही ती सुटलेली नाही. पोलीस, रेल्वे, विमानतळ यांचे आपसांतले बोलणे हे आपल्यासाठी नसते. ते चोरून ऐकणे गुन्ह्यात जमा होते. ‘मी काही बोलत नाही, नुसता ऐकतो’ ही सबब तिथे चालत नाही.

म्हणून त्या बंधूंना माझे स्पष्ट सांगणे आहे की मेहुण्यांना स्कॅनर आणू नका म्हणून आजच कळवा. बिनतारी यंत्रांची खरोखर आवड असेल तर सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढता येतो. तो रस्ता राजरोस आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तारा तुटल्या होत्या, तेव्हा अशाच परवानाधारक हौशी मंडळींनी निरोप पोचवण्याचे काम केले. पण तो स्वतंत्र विषय झाला.

मेहुण्यांनी साधा गाडीचा रेडिओ आणायचे म्हटले तर? त्यातही एक गोम आहे. आपल्याकडे मध्यम लहरींवरची केंद्रे ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १०-१० च्या. पुणे केंद्राचा ७९२ हा आकडा अनेकांच्या तोंडी बसलेला होता. त्याला ९ ने भाग जातो, पण १० ने जात नाही. त्यामुळे अमेरिकेतला रेडिओ ७९० वर थांबेल, नाहीतर ८०० वर, ७९२ वर काही थांबणार नाही. एफएमवरही तसेच. तिथला रेडिओ १००.९ वरून एकदम १०१.१ वर उडी मारतो, मधला १०१.० त्याच्या लेखी नाहीच. काही रेडिओंत देश बदलायची सोय असते. ती आहे की नाही हे पाहिल्याशिवाय असा रेडिओ घेऊ नये. आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या रेडिओतही आपोआप केंद्र शोधणारे बटण असतेच. ते दाबले की रेडिओ पुढचे केंद्र शोधून थांबतो. आपल्याला एवढे धुंडाळणे पुरे.

घेण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावी. गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपण केंद्रे बंद झाली आणि कार्यक्रम एफएमवर गेले. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून शेजाऱ्याचा रेडिओ किंवा कोणाची गाडी आपल्या दारात, मळ्यात आणि बाजाराच्या वाटेवर नेऊन काय लागते ते आधी ऐकावे. मग पैसे घालावेत.

आता बसवण्याकडे वळू. पण त्याआधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ती सांगायला मला शरम वाटते, पण त्यातून तुमचे भले होणार असेल तर शरम कशाला धरायची?

काही वर्षांपूर्वी मी आमच्या जुन्या गाडीत स्वतःच रेडिओ बसवला. मिस्त्रीचे पैसे वाचवायचे होते. रेडिओच्या मागे वायरींचा झुबका होता. त्यात एक पिवळी होती, एक लाल आणि एक काळी. काळी गाडीच्या पत्र्याला लावली. पिवळी आणि लाल या दोन्ही बॅटरीकडे जाणाऱ्या दिसल्या, म्हणून दोन्ही एकत्र पिळल्या आणि थेट बॅटरीवर नेल्या. रेडिओ वाजला. चावी न लावताही वाजला. मला वाटले, हे तर सोयीचेच झाले.

रविवारी दुपारी पोरे गाडीत बसून क्रिकेटचे धावते वर्णन ऐकत होती. आजीने हाक मारली तसा त्यांनी आवाज शून्यावर नेला आणि पळाली. रेडिओ बंद झाला नव्हता, मुका झाला होता. गाडी छपरात उभी होती आणि वर ताडपत्री टाकलेली, त्यामुळे त्याचा लहानसा दिवा कोणाला दिसला नाही.

मंगळवारी रात्री पाऊस पडत होता. चुलतभाऊ गोठ्यात वैरण टाकायला गेला आणि त्याच्या पायाला सर्प चावला. आम्ही त्याला उचलून गाडीत ठेवले. भावजय मागे त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. मी चावी फिरवली. ‘टक्’ असा एक आवाज झाला. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. बॅटरी उतरली होती. अंधारात समोर रेडिओचा मिणमिणता दिवा तेवढा दिसत होता. भावजय म्हणाली, “भावोजी, हा दिवा कसला?”

मला उत्तर द्यायला तोंड नव्हते.

शेजारचे पाच गडी आले. चिखलातून गाडी ढकलत ओढ्याच्या उतारापर्यंत नेली. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तेव्हा इंजिन लागले. यात वीस मिनिटे गेली. ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरची लस मिळाली आणि भाऊ वाचला. आज तो माझ्या शेजारच्या बांधावर कांदा लावतो आहे. पण ती वीस मिनिटे मी विसरलो नाही.

मागाहून मी हिशेब मांडला. अशा लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. मुका ठेवलेला रेडिओही अर्ध्या अँपिअरच्या आत-बाहेर वीज खातो. रविवार दुपार ते मंगळवार रात्र म्हणजे सुमारे ५५ तास. ०.४ अँपिअर धरला तरी २२ अँपिअर-तास गेले. बॅटरी निम्म्याखाली उतरली की सेल्फ अडखळतो, कारण इंजिन फिरवायला त्याला एका दमात शंभराच्या आसपास अँपिअर लागतात. त्यात बॅटरी तीन वर्षे वापरलेली होती. म्हणजे गाडी बंद पडली यात नवल काहीच नव्हते. नवल एवढेच की मला ते आधी कळले नाही.

म्हणून पहिला नियम असा की रेडिओ हा गाडीतला पाहुणा आहे. गाडीचे काम आधी, पाहुण्याचे नंतर.

आता वायरींचे नीट पाहू. पिवळी वायर बॅटरीवर कायम लावलेली असते. तिच्यातून रेडिओला घड्याळ आणि लावलेली केंद्रे लक्षात ठेवण्यापुरती वीज मिळते. चांगल्या रेडिओत ती इतकी थोडी असते की दहा दिवसांतही बॅटरीला फारसा भार होत नाही. लाल वायर चावीच्या पुढे लावायची, म्हणजे चावी काढली की तिची वीज तुटते आणि रेडिओ झोपतो. काळी पत्र्याला. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या जोड्या स्पीकरच्या असतात. स्पीकरची कोणतीही वायर पत्र्याला लावू नये, रेडिओ जळू शकतो. निळी वायर आपोआप वर येणाऱ्या एरियलसाठी असते. तसे एरियल नसेल तर तिचे टोक काळ्या टेपने गुंडाळून ठेवावे. रंग बहुतेक रेडिओंत असेच असतात, तरी रेडिओवर चिकटवलेला कागद एकदा वाचावा.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची उणे बाजू आधी सोडावी आणि काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. याचे कारण साधे आहे. गाडीचा सगळा पत्रा उणे बाजूला जोडलेला असतो. अधिकच्या नटावर पाना फिरवताना तो पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. उणे आधी सोडली असेल तर काही होत नाही.

फ्यूज हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. पुष्कळांना वाटते की फ्यूज रेडिओ वाचवण्यासाठी असतो. तो खरे तर वायर वाचवतो. बॅटरीपासून रेडिओपर्यंत वायर दोन हात लांब असते. वाटेत ती कुठे घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहतात. वायर लाल होते, वरचे प्लॅस्टिक पेट घेते आणि गाडी जळते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात असला पाहिजे. तो रेडिओजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. फ्यूज किती अँपिअरचा घालावा ते रेडिओवर लिहिलेले असते, बहुधा १० अँपिअर. वायरही तेवढा भार सोसणारी जाड घ्यावी. फ्यूज उडाला म्हणून त्यात तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी घालणे म्हणजे विहिरीवरचा कठडा काढून टाकण्यासारखे आहे.

इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट घालावे. पत्र्याची कड विळ्यासारखी असते. आपल्या रस्त्यांवरचे धक्के खाऊन खाऊन ती सहा महिन्यांत वायर कापते.

अर्थिंगचे म्हणाल तर जिथे काळी वायर लावायची तिथला रंग खरवडून पत्रा उजळ करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून थोडे व्हॅसलीन चोपडावे, म्हणजे गंज चढत नाही. रंगावरच बोल्ट आवळला तर रेडिओ चालेल, पण धक्क्याधक्क्याला खरखरेल.

आता एरियल. छोट्या गाडीत रेडिओ किती महागाचा आहे यापेक्षा एरियल कुठे आणि कसे लावले आहे याला महत्त्व जास्त. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर असते आणि तिच्या चौथाईएवढे म्हणजे पाऊण मीटरचे एरियल चांगले काम देते. ते टपाच्या मधोमध लावले तर सर्वांत बरे, कारण भोवतालचा पत्राच एरियलची दुसरी बाजू होतो. टपाला भोक पाडायचे नसेल तर पुढच्या मडगार्डवर लावावे. बुडाशी पत्र्याचा रंग खरवडून ते घट्ट बसवावे. मध्यम लहरींची लांबी तर तीन-चारशे मीटर असते. त्यांच्यापुढे आपले एरियल म्हणजे ताडापुढे काडी. म्हणून गाडीच्या एरियलची केबल वेगळ्या जातीची असते. ती अपुरी पडली म्हणून तिला टीव्हीची केबल जोडली तर एफएम लागेल, पण मध्यम लहरी मरतील. बाभळीखालून जाताना आणि गाडी छपरात घेताना एरियल खाली करायची सवय लावून घ्यावी.

सगळे बसवून झाले, केंद्र लागले, आणि इंजिन चालू केले की खरखर सुरू झाली, ही तक्रार नेहमीची आहे. रेडिओ खराब म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. दहातल्या नऊ वेळा आवाज आपल्याच गाडीचा असतो. तो शोधायची रीत सांगतो.

रेडिओ मध्यम लहरींवर दूरच्या एखाद्या केंद्रावर लावा. इंजिन बंद ठेवून ऐका. खरखर तरीही असेल तर ती बाहेरची आहे. वरून विजेची तार गेली असेल, जवळ रोहित्र असेल. सेकंदासेकंदाला ‘टिक् टिक्’ होत असेल तर ते कुंपणाचे झटका मशीन समजावे. गाडी शंभर पावले पुढे न्या, आवाज जाईल.

इंजिन चालू केल्यावरच आवाज येत असेल तर ॲक्सिलरेटर दाबून पाहा. ‘टरटर’ वेगाबरोबर वाढत असेल तर ती स्पार्क प्लगची ठिणगी आहे. रोध असलेली प्लगची वायर किंवा टोपी घातली की ती शमते. शिट्टीसारखा सूर चढत-उतरत असेल तर तो अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात. त्यासाठी रेडिओच्या वायरीवर फिल्टर मिळते. फक्त वायपर किंवा पंखा लावल्यावर आवाज आला तर त्यांच्या मोटारी. फक्त खड्ड्यात गाडी आदळल्यावर आला तर अर्थिंग ढिले. आणि यांतले काहीच नसेल तर मोबाईल चार्ज करायची स्वस्तातली खुंटी उपटून पाहा. अलीकडे सर्वांत जास्त उपद्रव तिचाच आहे.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. एरियलची केबल रेडिओतून काढा. खरखर गेली तर ती एरियलमधून येत होती. तशीच राहिली तर विजेच्या वायरीतून येते आहे. एवढे कळले तरी मिस्त्रीचे अर्धे काम वाचते आणि तुमचे अर्धे पैसे.

रेडिओ बसवण्याची जागाही विचार करून ठरवावी. छोट्या गाडीत जागा कमी म्हणून काही जण तो गुडघ्यासमोर खाली लटकवतात. आदळआपट झाली की तोच गुडघ्यावर बसतो. जिथे एअरबॅग आहे तिथून वायर नेऊ नये. आणि चालत्या गाडीत केंद्र शोधत बसू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली गेली की तेवढ्यात रस्त्यावर शेरडू येते. बटण शेजारी बसणाऱ्याने फिरवावे. एकटे असाल तर गाडी बाजूला घ्यावी.

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाईलवर मिळते, मग रेडिओचा एवढा खटाटोप कशाला? मोबाईलला मनोरा लागतो आणि मनोऱ्याला वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, मनोरे मुके पडले आणि हातातले मोबाईल नुसते घड्याळ होऊन बसले. रेडिओला गावात मनोरा लागत नाही. दूरवरचे एखादे केंद्र चालू असले आणि गाडीच्या बॅटरीत जीव असला की बातमी येते, इशारा येतो, कोणता रस्ता बंद आहे ते कळते.

पण अशा वेळी काटकसर करावी. तासाला बातम्यांपुरता पाच-दहा मिनिटे रेडिओ लावावा, आवाज लहान ठेवावा आणि चावी काढून घ्यावी. इंजिन चालू ठेवून ऐकायचे झाले तर बंद छपरात कधीही नाही, धुराने माणूस झोपेतच जातो. विजा कडाडत असताना गाडीच्या काचा वर करून आत बसणे उघड्या रानापेक्षा पुष्कळ बरे. मात्र तेवढा वेळ रेडिओला आणि पत्र्याला हात लावू नये.

भगिनींना एक खास विनंती. गाडीचा फ्यूज कुठे आहे, रेडिओचे बटण कोणते आणि बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायची वायर कुठे ठेवली आहे, हे घरातल्या पुरुषांना विचारून घ्या. अडचण येते तेव्हा घरी कोण असेल हे ती विचारून येत नाही.

शेवटी ध्यानात ठेवण्याजोगे थोडक्यात सांगतो, हवे तर कापून गाडीत ठेवा. लाल वायर चावीवर, पिवळी बॅटरीवर, काळी उजळ पत्र्यावर. फ्यूज बॅटरीपासून वीतभरात. भोकाला रबर. एरियल टपावर. आवाज शून्य म्हणजे रेडिओ बंद नव्हे. आणि रात्री गाडी लावताना एकदा आत डोकावून पाहावे, कुठे दिवा जळत नाही ना.

मी आता रोज पाहतो. ताडपत्री टाकली असली तरी तिचे टोक उचलून पाहतो. पोरे हसतात, हसोत बापडी.

पुढच्या खेपेस विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर वारंवार का पडतो ते पाहू. तुमच्याकडे तसे होत असेल तर केव्हा होते, पहाटे की दुपारी, ते जरूर लिहून कळवा.